काजळी, ग्राफीन आणि घाटातले रबर

तुपाच्या दिव्यावर चांदीची वाटी उपडी धरली की थोड्या वेळाने तिच्या आत मऊ काळा थर जमतो. तो बोटाने पुसून त्यात तूप कालवले की काजळ झाले. घराघरांतली ही पद्धत आता मागे पडली असली, तरी याच काजळीवर आजची सगळी वाहतूक उभी आहे. रबर मुळात काळे नसते. झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो, वाळवलेल्या रबराचा रंग मधासारखा पिवळसर-तपकिरी असतो. टायर काळा दिसतो तो काजळीमुळे. ट्रकच्या टायरचा रस्त्याला टेकणारा जाड पट्टा घेतला, तर त्यात दर शंभर भाग रबरामागे साधारण पन्नास भाग काजळी असते. ती काढून टाकली, तर तो पट्टा पाहता पाहता झिजून जाईल.

गेल्या काही वर्षांत या काजळीला एक प्रतिस्पर्धी आला आहे. त्याचे नाव ग्राफीन. पोलादाच्या दोनशे पट मजबूत, केसापेक्षा लाखो पट पातळ, अशी त्याची वर्णने वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. २०१८ साली इनोव्ह-८ या ब्रिटिश कंपनीने मँचेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने ग्राफीन मिसळलेल्या रबराच्या तळव्याचे बूट बाजारात आणले. सायकलींचे ग्राफीन टायर त्याआधीच आले होते. आता पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातल्या लहान रबर कारखान्यांपर्यंत ग्राफीनची पावडर विकणारे पोहोचू लागले आहेत. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ग्राफीनची ती अचाट ताकद रबरात गेल्यावर किती उरते? या लेखात त्या प्रश्नाचा हिशेब मांडला आहे. हिशेब सोपा आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

मावळातले रबर

मावळात रबराचे झाड नाही. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया इंग्लंडमधल्या क्यू उद्यानात नेल्या, आणि तिथे उगवलेल्या रोपांतून आशियातल्या रबराच्या बागा उभ्या राहिल्या. भारतात ते झाड केरळात रुजले. महाराष्ट्रात ते भेटते थेट सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात, जिथे केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी बागा लावल्या आहेत.

झाड नसले तरी रबरावाचून मावळाचा दिवस जात नाही. बोरघाटात रेल्वे १८६३ साली सुरू झाली, सदतिसात एक असा तिचा चढ. आज त्या रुळांखाली, काँक्रीटच्या स्लीपरवर, रबराचे खाचा पाडलेले पॅड असतात. गाडीचा हादरा ते गिळतात. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे. लोणावळ्याच्या धरणांतले पाणी प्रचंड दाबाने जिथे खाली उतरते, तिथे सांध्या-सांध्याला गॅस्केट लागते. लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचे आयएनएस शिवाजी आहे. जहाजाच्या इंजिनांचे शिक्षण तिथे मिळते, आणि जहाजाचे इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असते. आणि या सगळ्यांच्या शेजारून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो.

काजळीही शेजारीच बनते. खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडलेले लोणावळ्याचे पाणी पुढे पाताळगंगेला मिळते, आणि त्या नदीकाठच्या औद्योगिक वसाहतीत बिर्ला कार्बनचा काजळीचा कारखाना आहे. तत्त्व दिव्यावरच्या वाटीचेच. जड तेल तापलेल्या भट्टीत फवारायचे, हवा पुरेशी द्यायची नाही, आणि पुरते जळण्याआधीच पाणी मारून थांबवायचे. उरतो तो कार्बन.

फिलर नेमके काय करते

रबराचा रेणू म्हणजे अतिशय लांब, गुंतलेला धागा. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून हे धागे जागोजागी एकमेकांना जोडता येतात हे दाखवले. त्याला व्हल्कनीकरण म्हणतात. त्यामुळे रबर ताणल्यावर परत मूळ आकारात येते, उन्हाळ्यात चिकट होत नाही, थंडीत कडक होत नाही. पण ते झिजते. घासले की तुकडे निघतात.

उपाय सापडला तो रबरात दुसरे काही मिसळण्यात. अशा मिसळलेल्या पदार्थाला कारखान्यात फिलर म्हणतात. आपण त्याला भरण म्हणू. सुरुवातीला खडूची भुकटी, झिंक ऑक्साइड असे पदार्थ वापरत. त्या काळचे टायर पांढुरके असत. १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन इथल्या कारखान्यात एस. सी. मोट याला काजळीचा गुण लक्षात आला, १९१२ मध्ये अमेरिकेच्या गुडरिच कंपनीने ते तंत्र घेतले आणि टायर काळे झाले. त्यांचे आयुष्य अनेक पटींनी वाढले. स्टायरीन-ब्युटाडाइन या कृत्रिम रबराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. भरणाशिवाय ते दोन-तीन मेगापास्कल ताणाला तुटते, काजळी घातल्यावर वीसच्या पुढे जाते.

हे कसे होते, ते लोणावळ्याच्या चिक्कीवरून समजते. चिक्की म्हणजे गुळाच्या पाकात दाण्यांचे भरण. नुसत्या पाकाची वडी काचेसारखी फुटते. दाणे असले की तडा सरळ जाऊ शकत नाही, प्रत्येक दाण्यापाशी अडतो, वळतो, थकतो. पण यासाठी गुळाने दाण्याला घट्ट धरलेले असले पाहिजे. फोलपट न निघालेला दाणा गुळातून अलगद सुटून येतो आणि त्याच्या जागी खड्डा राहतो. असा दाणा चिक्कीला बळ देत नाही, उलट तिची दुबळी जागा होतो. शेंगदाण्याऐवजी तीळ घेतले तर तेवढ्याच वजनात गुळाला धरायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो.

भरणाचे दोन नियम या एका वडीत आले. पहिला, कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त. दुसरा, पृष्ठभाग असून भागत नाही, त्यावर पकड हवी. काजळीचे कण काही दशक नॅनोमीटरचे असतात, एकमेकांना चिकटून द्राक्षांच्या घडासारखे दिसतात, आणि रबराचे धागे त्या घडांच्या खाचाखोचांत अडकून बसतात. म्हणून काजळी शंभर वर्षे टिकली.

गुंठ्यांचा हिशेब

आता ग्राफीन. आपल्या शिसपेन्सिलीत शिसे नसते, असतो तो ग्राफाइट आणि चिकणमाती. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या जाळीदार पत्र्यांची चळत. प्रत्येक पत्रा एका अणूएवढा जाड, आणि दोन पत्र्यांमधले अंतर ०.३३५ नॅनोमीटर. पत्रे एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून पेन्सिल उमटते. या चळतीतला एकच पत्रा म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत तो एकटा पत्रा वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात या पत्र्याला सूक्ष्म सुईने दाबून त्याची ताकद मोजली गेली. ताठरता सुमारे एक टेरापास्कल, तुटण्याचा ताण सुमारे १३० गिगापास्कल. पोलादाशी केली जाणारी तुलना या मोजणीतून आली.

मावळात आज सगळे गुंठ्यांत बोलतात, म्हणून आपणही त्याच मापाने मोजू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एक ग्रॅम ग्राफीन एकेरी पत्र्याने अंथरले, तर ते १,३१५ चौरस मीटर, म्हणजे तेरा गुंठे व्यापेल. रबर त्याला वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी भिडणार, म्हणून पकडीसाठी मिळणारा पृष्ठभाग सव्वीस गुंठे. टायरमध्ये वापरतात त्या चांगल्या काजळीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ११० चौरस मीटरच्या आसपास असतो. म्हणजे गुंठाभर आणि थोडा वर.

पुढचा गुणाकार करून पाहावा. शंभर ग्रॅम रबरात पन्नास ग्रॅम काजळी घातली, तर पृष्ठभाग मिळतो चोपन्न गुंठे. तेवढ्याच रबरात ग्राफीन फक्त दोन ग्रॅम घातले, तर मिळतात बावन्न गुंठे. पन्नास ग्रॅमचे काम दोन ग्रॅममध्ये! जगभरचे संशोधक ग्राफीनच्या मागे का लागले, ते या एका ओळीत आहे. त्यात खोटे काही नाही.

मात्र त्यात एक अट आहे. प्रत्येक पत्रा सुटा असला पाहिजे. दहा पत्रे एकमेकांना चिकटलेले असतील, तर बाहेर दिसणारे पृष्ठभाग दोनच. सव्वीस गुंठ्यांचे अडीच होतात, आणि दोन ग्रॅम पावडर फक्त पाच ग्रॅम काजळीएवढे काम देते. शंभर पत्र्यांची चळत असेल तर ग्रॅमला पाव गुंठा. ती मग साध्या ग्राफाइटची भुकटीच झाली, काजळीपेक्षाही मागे. ग्राफीनच्या व्यवहारात पैसे वजनावर मोजले जातात आणि काम पत्र्यांच्या सुटेपणावर होते. या दोहोंमधल्या दरीत गिऱ्हाईक फसते.

रबराचे सागवान का होत नाही

आपण मानू की पत्रे सगळे सुटे मिळाले. तरीही ताकदीचा सगळा आकडा रबराच्या पदरात पडत नाही.

संमिश्रांचा जुना ठोकताळा सांगतो की मिश्रणात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याचा गुण. आकारमानाने एक टक्का ग्राफीन घातले, तर एक टेरापास्कलचा शंभरावा भाग म्हणजे दहा गिगापास्कल ताठरता यायला हवी. ही ताठरता सागाच्या लाकडाची आहे. म्हणजे शंभरात एक भाग ग्राफीन घालताच रबराचा फळा व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे काही होत नाही. ताठरता वाढते ती दीडपट, दुप्पट, फार तर काही पट. मूळ रबराची ताठरता एक-दोन मेगापास्कल धरली, तर अपेक्षेच्या तुलनेत ही वाढ नगण्य आहे.

कारण पकडीत आहे. कणकेच्या गोळ्यात सुई खुपसून कणीक दोन्ही टोकांनी ओढून पाहा. कणीक लांबते, सुई जशीच्या तशी राहते. सुई कितीही मजबूत असली तरी मऊ कणीक तिला ताणू शकत नाही, सुईच्या अंगावरून घसरते. त्याच सुया सिमेंटमध्ये घातल्या, तर सिमेंट त्यांना घट्ट धरेल आणि ताण त्यांच्यापर्यंत पोहोचेल. रबर कणकेच्या बाजूचे आहे, नायलॉन किंवा इपॉक्सी सिमेंटच्या बाजूचे. मँचेस्टरमधल्या रॉबर्ट यंग आणि इयान किनलॉक यांच्या गटाने अनेक बहुवारिकांवर काम करून हेच दाखवले. ग्राफीनची मिश्रणात जाणवणारी ताठरता ते ज्या पदार्थात बसले आहे त्याच्या ताठरतेवर अवलंबून असते. रबरात ती मूळ आकड्याच्या अगदी लहानशा अंशावर येते.

दुसरे कारण जागेचे. पन्नास भाग काजळी मिश्रणातली जवळपास एकपंचमांश जागा अडवते. तेवढ्या जागेतले रबर ताणले जातच नाही, म्हणून उरलेल्याला जास्त ताणावे लागते. नुसत्या या जागा अडवण्याने ताठरता सुमारे दुप्पट होते. दोन भाग ग्राफीन एक टक्काही जागा अडवत नाही. म्हणून दोन ग्रॅम ग्राफीन पन्नास ग्रॅम काजळीची सगळी कामे करील, ही अपेक्षाच चुकीची आहे. वाजवी मार्ग आहे तो काजळी थोडी कमी करून तिच्या जोडीला एक-दोन भाग ग्राफीन घेण्याचा. उद्योगही त्याच वाटेने चालला आहे. थोरल्या बहिणीला घराबाहेर काढायचे नाही, धाकटीला तिच्या हाताखाली द्यायचे.

घाणीतला चुना

सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे अवशेष दिसतात. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक, ओढायला बैल. चुना आणि वाळू तिथे पाणी घालून दळत. घटक सगळीकडे तेच, पण नीट दळलेला चुना दोन-तीनशे पावसाळे सोसतो आणि कच्चा दळलेला पहिल्या दशकात सुटतो. रबराचेही तसेच आहे. भरण काय घातले याइतकेच ते कसे मिसळले हे महत्त्वाचे.

रबराच्या कारखान्यातली मिक्सिंग मिल ज्याने पाहिली असेल त्याला ही घाणी लगेच आठवेल. पोलादाचे दोन जाड रोल एकमेकांकडे फिरतात, एक थोडा हळू, दुसरा थोडा जलद. मधल्या फटीत रबर चिरडले जाते, ताणले जाते, मऊ होते. मग त्यात झिंक ऑक्साइड, स्टिअरिक ॲसिड, मग काजळी आणि तेल, आणि अगदी शेवटी गंधक व त्याला वेग देणारी रसायने. ती आधी घातली, तर मिलच्या उष्णतेनेच रबर पिकायला लागते. काजळीचे घड या चिरडण्यात फुटतात आणि पसरतात. शंभर वर्षांची ती बसलेली घडी आहे.

ग्राफीन इथे दोन अडचणी करते. पावडर कापसासारखी हलकी, पोतेभर घेतली तरी वजन थोडे, पंख्याच्या झोताने उडणारी. ती मिलवर नेमकी किती पडली आणि किती हवेत गेली, हेच सांगता येत नाही. हवेत गेलेली कामगाराच्या छातीत जाते. दुसरी अडचण मूळ स्वभावाची. सुटे पत्रे जवळ आले की पुन्हा एकमेकांना चिकटतात, ग्राफाइटकडे परत जाऊ पाहतात. कोरडी पावडर मिलवर टाकून ते सुटे होतील, अशी आशा करू नये.

नैसर्गिक रबराला मात्र इथे एक मोठी सोय आहे, आणि ती कृत्रिम रबरांपैकी थोड्यांनाच आहे. ते मुळात पाण्यात असते. चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म थेंब. ग्राफाइटवर ऑक्सिजनचे गट चढवले, तर तयार होणारे ग्राफीन ऑक्साइड पाण्यात छान पसरते. हे पाणी चिकात ढवळायचे आणि मग आम्ल घालून सगळे एकदम गोठवायचे, दूध फाडल्यासारखे. गोठताना पत्रे थेंबांच्या मधल्या भिंतींत अडकतात, त्यांना एकत्र यायला वेळच मिळत नाही. मग या गोळ्याचा मास्टरबॅच म्हणून मिलवर वापर करायचा. धूळ नाही, उडणे नाही. पत्र्यांवरचे ऑक्सिजनचे गट काढून टाकलेले असतील आणि गोठवलेला गोळा तसाच दाबून पिकवला, तर पत्र्यांचे जाळे अखंड राहते आणि रबरातून वीजही वाहू लागते. तोच गोळा मिलवर फिरवला, तर जाळे तुटते, पत्रे एकसारखे पसरतात, वीजवहन घटते आणि ताणण्याचा गुण सुधारतो. एकाच मालातून दोन वेगळे पदार्थ निघतात. पुन्हा घाणीचीच गोष्ट.

या वाटेलाही किंमत आहे. ग्राफीन ऑक्साइड बनवण्याची रूढ पद्धत विल्यम हमर्सने १९५८ साली प्रसिद्ध केली. तिला तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागते आणि नंतर धुवायला भरपूर पाणी. ते आम्लयुक्त पाणी कुठे जाते, हा प्रश्न इंद्रायणी आणि पवनेच्या खोऱ्यात राहणाऱ्याने विचारलाच पाहिजे. शिवाय पत्र्यावरचे ऑक्सिजनचे गट पिकवण्याच्या रसायनांशी खेळतात. जुन्या वेळापत्रकाने साचा उघडला, तर माल कच्चा किंवा करपलेला निघू शकतो.

तीस हजार फेरे

मग ग्राफीनचा उपयोग आहे तरी कुठे? दोन ठिकाणी खरा उपयोग आहे, आणि दोन्ही द्रुतगती मार्गाशी जोडलेले आहेत.

कळंबोली ते किवळे हा रस्ता सुमारे ९४ किलोमीटरचा. ट्रकचा टायर एका फेऱ्यात तीन मीटरच्या थोडा वर अंतर कापतो. म्हणजे एका खेपेत सुमारे तीस हजार फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्याखाली दबतो आणि सुटतो. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवून घेते. भरण जितके जास्त तितकी ही चोरी जास्त, कारण काजळीचे घड प्रत्येक दाबाला तुटतात आणि पुन्हा जुळतात. रबर उष्णतेचे वाहक म्हणून फार वाईट, त्यामुळे ती आतच साठते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो. त्यात भार क्षमतेपेक्षा जास्त असेल आणि टायर जुना असेल, तर आतले थर एकमेकांपासून सुटतात. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा ही साखळी असते.

ग्राफीन या साखळीच्या पहिल्या कडीवर काम करू शकते. थोडी काजळी कमी करून तिच्या जागी नीट पसरलेले, रबराशी रासायनिक नाते जोडलेले ग्राफीन घातले, तर तुटण्या-जुळण्याची चोरी कमी होऊ शकते. पण नाते जोडलेले नसेल, तर पत्रे रबरावरून घसरतील आणि घर्षणाने उष्णता उलट वाढेल. ग्राफीन उष्णतेचे उत्तम वाहक आहे म्हणून टायर थंड राहील, हे मात्र खरे धरू नये. एका पत्र्यातून दुसऱ्याकडे जाताना उष्णतेला मधले रबर ओलांडावे लागते, आणि तिथेच ती अडते.

दुसरा उपयोग हवा धरून ठेवण्याचा, आणि तो मला अधिक भरवशाचा वाटतो. नैसर्गिक रबरातून हवा हळूहळू झिरपते. म्हणून टायरच्या आतल्या अस्तराला ब्युटाइल जातीचे रबर वापरतात. ग्राफीनच्या अखंड पत्र्यातून हेलियमचा अणूसुद्धा पार जात नाही. रबरात असे पत्रे आडवे बसवले, तर हवेच्या रेणूला सरळ जाता येत नाही, प्रत्येक पत्र्याला वळसा घालावा लागतो. खोपोलीहून खंडाळ्याला पक्षी उडत जातो तेव्हाचे अंतर आणि घाटरस्त्याने ट्रक जातो तेव्हाचे अंतर यांत जो फरक, तोच इथे. काजळीचे गोल घड असा वळसा घालायला लावत नाहीत, पसरट पत्रे लावतात. इथे कणकेत सुई घसरली तरी बिघडत नाही, कारण पत्र्याने ताण पेलायचा नसतो, नुसते आडवे पडायचे असते. म्हणून गॅस्केट, नळ्या, अस्तरे, हातमोजे ही ग्राफीनची स्वाभाविक क्षेत्रे आहेत. आणि टायरमध्ये हवा टिकली, तर तो कमी तापतो. बळ वाढवण्यापेक्षा गळती थांबवण्याने जास्त जीव वाचतील, असे माझे या हिशेबावरून झालेले मत आहे.

पिशवीत नेमके काय आहे

२०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या साठ कंपन्यांकडून ग्राफीन म्हणून विकला जाणारा माल घेऊन तपासला. बहुतेकांच्या मालात ग्राफीनचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षाही कमी निघाले. एकाही कंपनीचा माल पन्नास टक्क्यांच्या वर गेला नाही. उरलेला भाग म्हणजे ग्राफाइटची बारीक भुकटी. त्याच्या आदल्या वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने व्याख्या ठरवून दिली होती. एक पत्रा म्हणजे ग्राफीन, दोन म्हणजे द्विस्तर, तीन ते दहा म्हणजे अल्पस्तर, आणि त्यापुढचे या नावाला पात्र नाही. आपला गुंठ्यांचा हिशेब आठवला, तर दहा पत्र्यांचा माल नियमात बसूनही दशांश काम देतो हे ध्यानात येईल.

ज्याच्याकडे दोन मिल, तीन प्रेस आणि दहा-बारा कामगार आहेत, अशा कारखानदाराची यात पंचाईत होते. वाहन कंपनीला पुरवठा करणारा हा माणूस पैशा-पैशाच्या फरकावर जगतो. ग्राफीनची पिशवी त्याला महाग पडते, आणि तिच्यात काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. सगळेच काळे.

अशा माणसाने विक्रेत्याकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. रामन वर्णपट, कारण त्यात पत्र्यांची संख्या आणि त्यांच्यातले दोष उमटतात. ग्रॅममागे पृष्ठभाग, म्हणजे गुंठ्यांचा आकडा. आणि प्रत्येक खेपेच्या मालाचा वेगळा दाखला. दाखला मिळाला तरी खरी परीक्षा रबरातच होते. त्यासाठी तीन मिश्रणे करावीत. पहिले नेहमीचे, दुसरे ग्राफीन घातलेले, आणि तिसरे असे की ज्यात ग्राफीनच्या पैशांत जेवढी चांगल्या प्रतीची काजळी येते तेवढी वाढवलेली. तिन्हींचा हार्डनेस जुळवून घ्यावा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. मग ताण, झीज आणि उष्णता साठण्याच्या चाचण्या कराव्यात. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये इंडियन रबर मटेरियल्स रिसर्च इन्स्टिट्यूट (पूर्वीची इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशन) ही संस्था आहे. रबर उद्योगाच्या चाचण्या हेच तिचे काम. तिसऱ्या मिश्रणाला विक्रेते सहसा हात लावू देत नाहीत. खरे उत्तर मात्र त्यातच असते.

संशोधनाच्या बाजूने पाहिले तर पुणे या विषयापासून दूर नाही. १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे आहे आणि बहुवारिकांवरचे काम तिथे दीर्घकाळ चालले आहे. सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालयही पुण्यात आहे. तिच्या त्रिशूरच्या प्रयोगशाळेने केरळच्या डिजिटल विद्यापीठासह आणि टाटा स्टीलच्या सहभागाने ग्राफीनचे राष्ट्रीय केंद्र केरळात उभे केले. रबराचा चीकही तिथलाच. चिकात ग्राफीन मिसळायचे काम झाडाजवळच व्हावे, मास्टरबॅच पुण्याकडे यावा आणि मिल-प्रेसचे काम इथे व्हावे, अशी विभागणी केली तर मालाची धूळ, आम्लाचे पाणी आणि फसवणूक या तिन्हींना एका ठिकाणी आवर घालता येईल. रबर उत्पादक शेतकऱ्यालाही नुसत्या चिकापेक्षा चार पैसे जास्त मिळतील, मग तो कोट्टायमचा असो वा दोडामार्गचा.

टायर झिजतो म्हणजे त्याची भुकटी रस्त्यावर पडते. लोणावळ्याचा पाऊस ती धुऊन ओढ्यांत नेतो आणि ओढे इंद्रायणीत. टायरचे आयुष्य दहा टक्क्यांनी वाढले, तर किलोमीटरमागे तेवढी भुकटी कमी पडेल, तेवढा चीक आणि तेवढे तेल वाचेल. ग्राफीनकडून मागायचे ते एवढेच, आणि एवढे मिळाले तरी ते थोडे नाही. तोवर घाट उतरण्याआधी टायरमधली हवा तपासून घेणे, हा कोणत्याही भरणापेक्षा स्वस्त आणि आजच हाताशी असलेला उपाय आहे.